चिलटांच्या मुली

मी काय शिकते असं कुणी विचारलं की आई पदराला हात पुसत सांगायची, "चिलटं मोजती." यात खोटं काहीच नव्हतं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी रोज अकरा ते पाच कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातल्या एका कोंदट खोलीत बसायची आणि पिकल्या केळ्याभोवती घोंगावते ती लाल डोळ्यांची बारीक माशी मोजायची. माश्यांना ईथरची गुंगी द्यायची, पांढऱ्या टाइलवर ओतायचं, सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्याच्या टोकानं एकेक सरकवत नर डावीकडे, माद्या उजवीकडे करायच्या. नराच्या पोटाचं टोक काळं असतं, मादीच्या पोटावर शेवटपर्यंत पट्टे असतात. एवढं ओळखायला पंधरा वर्षं शिकावं लागतं का, असं दादानं एकदा विचारलं होतं. 

आम्ही कोपरखैरण्याला राहायचो, चार मजली बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. मूळचे कोरेगाव तालुक्यातले. अण्णा, म्हणजे माझे वडील, जवळच्या पावणे गावातल्या एका केमिकल कंपनीत माल तपासायच्या खात्यात होते. टाकीतून नमुना काढायचा, काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडून रंग बदलतो का बघायचं, आणि माल पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. दादा तुर्भ्याच्या फळबाजारात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर गाड्या उतरवून घ्यायचा. येताना पिशवीत दबलेली केळी, डागळलेले चिकू घेऊन यायचा, त्यामुळे मी जी माशी प्रयोगशाळेत इतक्या निगुतीनं सांभाळायची, ती आमच्या स्वयंपाकघरात फुकट वाढायची. घरात सकाळी रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज, मग वहिनीच्या भाकरी थापण्याचा, मग कुकरच्या शिट्ट्या. वारा खाडीकडून असला की चिखलाचा वास यायचा, आणि फिरला की कंपन्यांचा. आई त्यावरून कपडे गॅलरीत वाळत घालायचे की आत, ते ठरवायची. घेवड्याची आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि रविवारी अंडी. माझ्या केसांना ईथरचा वास येतो म्हणून मला जेवायला सगळ्यांच्या पलीकडे, दाराजवळ बसवायचे. ती जागा मला आवडायची, कारण तिथून वहिनीशी बोलता यायचं.

शालन वहिनी दहावी पास होऊन आमच्याकडे आली होती. तिला पहिली मुलगी होती, पिंकी, तेव्हा तीन वर्षांची. वहिनी कमी बोलायची आणि जास्त ऐकायची, आणि ऐकलेलं विसरायची नाही. ती भाकऱ्या करत असताना मी उंबऱ्यावर बसून तिला दिवसभराच्या माश्या सांगायची. दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं.

विषय तसा भारदस्त होता. माशीचा गर्भ आपण नर व्हायचं की मादी हे कसं ठरवतो, हा तो विषय. त्याला त्यासाठी जेमतेम तीन तास मिळतात. तेवढ्यात तो आपल्याजवळ एक्स नावाची गुणसूत्रं किती आहेत ते ओळखतो. दोन असली की एक विशिष्ट जनुक सुरू होतं, आणि एकदा सुरू झालं की ते स्वतःच स्वतःला चालू ठेवतं, जन्मभर. तो गर्भ मादी होतो. एकच एक्स असलं तर ते जनुक बंदच राहतं, आणि गर्भ नर होतो. आमच्या मॅडम, देवस्थळी मॅडम, उंच, सुती साडीतल्या आणि अतिशय मोजकं बोलणाऱ्या, पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या की माणसात वाय गुणसूत्र मुलगा ठरवतं, पण माशीत वायचा या निर्णयाशी काही संबंध नाही. वाय नसलेलाही नर नरच होतो, फक्त त्याला पोरं होत नाहीत. वहीत आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी नवा लिहायचा, खाडाखोड चालणार नाही, हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. खोडलेला आकडा आणि खोटा आकडा यांत त्या फरक करत नसत. मी दोन वर्षांत एकही आकडा खोडला नाही. मला त्याचा फार अभिमान होता. बावीस वर्षांच्या मुलीला शोभेल त्याहून जरा जास्तच.

माझ्या वाट्याला आलेल्या माश्या मात्र चमत्कारिक होत्या. त्यांना फक्त मुलगे व्हायचे. आईनं अंड्यात एक पदार्थ आधीच घालून ठेवलेला असावा लागतो, तो असेल तर गर्भाला आपली एक्स गुणसूत्रं ओळखता येतात. या आयांच्या जनुकात बिघाड होता, त्यांना तो पदार्थ धड घालता यायचा नाही. त्यामुळे त्यांच्या मुलींना आपण मुली आहोत हे वेळेत कळायचं नाही, आणि त्या अळी होण्याआधीच, अंड्यातच मरायच्या. मुलग्यांना काही कळायची गरजच नव्हती, ते आपोआप व्हायचे. बाप कुठलाही असला तरी हेच. पण या माश्या थंडाव्यात, अठरा अंशाला ठेवल्या, तर काही मुली जगायच्या. थंडावा नेमका कधी मिळाला तर जगतात, हे शोधायचं माझं काम. म्हणजे मी दिवसभर न झालेल्या मुली मोजत होते.

हे मी वहिनीला सांगत असताना आई देवाजवळ वाती वळत होती. तिनं वात खाली ठेवली आणि विचारलं, "निस्ती पोरंच व्हत्यात तिला?"

मी हो म्हटलं.

"ती खाती काय?"

मी सरळपणे सांगून टाकलं की मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट एकत्र शिजवून देतो. त्या क्षणी माझ्या काही लक्षात आलं नाही. दोन दिवसांनी वहिनीच्या ताटात ज्वारीच्या जागी मक्याची भाकरी आणि गुळाचा खडा दिसला तेव्हा आलं. वहिनीला तिसरा महिना लागला होता. यीस्ट कुठे मिळतं हे आई खालच्या बेकरीत विचारूनही आली होती. मी तिला समजावलं की त्याच खाण्यावर इतर माश्यांना मुली होतात. आई म्हणाली की खाऊन तोटा तर नाही ना.  वहिनी दोन महिने मक्याची भाकरी खात राहिली.

आमच्या घरात 'मुलगी नको' असं कुणी कधी म्हटलं नाही. हे मला मुद्दाम लिहायला हवं, कारण अशा गोष्टी सांगताना लोक सासूला खाष्ट आणि नवऱ्याला दुष्ट करून टाकतात. आई पिंकीची वेणी रोज स्वतः घालायची. दादा तिला खांद्यावर बसवून बाजार दाखवून आणायचा. फक्त एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला की बाजारातल्या एकाच्या ओळखीचा डॉक्टर आहे, मशीनवर बघून सांगतो, एकदा समजलं की टेन्शन नाही. कसलं टेन्शन ते तो बोलला नाही, आणि कुणी विचारलंही नाही. आई म्हणाली, "समजल्यालं बरं." अण्णा आमटीत भाकरी चुरत राहिले. वहिनी वाढत होती, ती वाढत राहिली. चार माणसांनी मिळून एक गोष्ट ठरवली आणि त्यातल्या एकानंही ती उच्चारली नाही. तो दवाखाना मी बसमधून पाहिला होता. गर्भलिंग चाचणी इथे केली जात नाही, अशी त्याच्या दारावर एवढी मोठी पाटी होती की खरोखर न करणाऱ्याला तिची गरज पडली नसती.

मी गप्प बसले नाही. माझ्याकडे शास्त्र होतं, त्यामुळे मी भाषण दिलं. मुलगा की मुलगी हे माणसात बापाकडून ठरतं, बाईचा त्यात काही भाग नसतो, असं मी ठणकावून सांगितलं. दादाचा चेहरा पडला. त्याला वाटलं मी त्याच्यात दोष काढते आहे. अण्णांनी शांतपणे विचारलं, "माशीत बापाचा संबंध नाही म्हणालीस ना परवा?" मी म्हटलं, माशीचं वेगळं, माणसाचं वेगळं. "मग माशी कशाला शिकतीस?" ते म्हणाले. रागानं नव्हे, खरंच कळून घ्यायचं होतं त्यांना. मी उत्तर द्यायला लागले आणि ते इतकं लांबलं की मध्येच दादा हात धुवायला उठला. दवाखान्याची शनिवारची वेळ ठरली होती, ती ठरलेलीच राहिली.

त्या गुरुवारी मी संध्याकाळी घरी आले तर दारातच आईनं माझ्या तोंडात पेढा घातला. मला वाटलं माझ्या नावे काही पत्र आलं. देवस्थळी मॅडमनी माझी शिफारस मुंबईतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत केली होती, पीएच.डी.साठी, आणि मी रोज टपालाची वाट बघायची. पण आई म्हणाली, "आधी आमाला सांगायचं सोडून शालनला सांगितलंस व्हय?" दादा चक्क दुपारीच घरी आलेला होता आणि कॉटवर पाय पसरून हसत होता. अण्णा पहिल्या पाळीहून येऊन चहा घेत होते. हळूहळू त्यांच्या बोलण्यातून मला कळत गेलं की मी मंगळवारी वहिनीची लघवी जॅमच्या बाटलीतून कॉलेजात नेली, दुर्बिणीखाली तपासली, आणि मला तिच्यात वाय दिसला. मुलगा आहे. मंगळवारी मी जॅमची बाटली नेली होती हे खरं, आईनं ती नेताना पाहिलंही होतं. माश्या वाढवायला आम्हाला अशा बाटल्या लागायच्या आणि वहिनी त्या धुऊन माझ्यासाठी साठवायची. बाटली रिकामी होती.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. हातात लाटणं. तिनं मला खूण केली नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही, काही नाही. ती फक्त बघत होती, एखाद्या कामाला आपण माणूस लावलाय आणि तो ते करतोय की नाही हे बघावं तसं.

"सुरेखा," अण्णा म्हणाले, "नक्की?"

मी म्हटलं, "हो."

"किती वेळा बघितलंस? आमच्यात एकदा बघितलेलं धरत नाहीत."

"तीनदा."

अण्णांनी बशीतला चहा संपवला आणि दादाला सांगितलं की मग शनिवारी उगीच सुट्टी टाकू नको.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पापड वाळत घालताना मी वहिनीवर चिडले. तिनं मला विचारायला हवं होतं, माझ्या नावावर असं काही खपवायला नको होतं, शास्त्रात असं चालत नाही, असं बरंच काही. वहिनीनं सगळे पापड घालून होईपर्यंत ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, वन्सं. मग मी काय केलं असतं?" पोटात काय आहे हे तिलाही माहीत नव्हतं. मुलगा असेलही, ती म्हणाली, मग काहीच प्रश्न नाही. "पर त्यांनी मशीनला विचारायचं, आन् मशीन काय म्हणंल त्यावर माझ्या पोटातलं ऱ्हायचं का जायाचं. त्यापरास तुमी बऱ्या." एवढं बोलून ती खाली गेली. तिच्यापुढे मला माझ्या न खोडलेल्या आकड्यांची थोडी लाज वाटली. थोडीच. राग अजून होता.

पुढे जे झालं ते वहिनीच्याही हिशेबात नव्हतं. आईला गोष्ट पोटात ठेवता येत नसे. महिन्याभरात बिल्डिंगमधल्या बायका माझ्याकडे यायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावरची नवी सून आली, मग बाजूच्या बिल्डिंगमधली एक शिक्षिका, बीएड झालेली, मग दिघ्याहून कुणाची तरी मावसबहीण. सगळ्यांच्या हातात पिशवी, पिशवीत कागदात गुंडाळलेली बाटली. मी पहिलीला परत पाठवायला निघाले होते. मग मनात आलं की ही इथून निघाली की सरळ त्या मोठ्या पाटीच्या दवाखान्यात जाणार. मी बाटली घेतली, रस्त्यात गटारात रिकामी केली, आणि दोन दिवसांनी सांगितलं, मुलगा. दुसरीलाही मुलगा. शिक्षिकेलाही मुलगा. सहा महिन्यांत मी आमच्या सेक्टरात एकही मुलगी होऊ दिली नाही. दिवसा प्रयोगशाळेत मी एकेक माशी तीनदा तपासून वहीत लिहायची, आणि संध्याकाळी घरी न बघता निकाल द्यायची. लोकांचा विश्वास माझ्या संध्याकाळच्या कामावर जास्त होता.

निकाल अर्थातच निम्मे बरोबर आले. ज्यांचे बरोबर आले त्यांनी पेढे आणले. ज्यांचे चुकले त्या भांडायला येतील म्हणून मी धास्तावले होते, पण एकही आली नाही. त्या जिन्यात भेटल्या तर नजर टाळायच्या, जणू चूक त्यांचीच होती. शिक्षिका मात्र एकदा थांबली. कडेवर मुलगी होती. "बरं झालं तुम्ही चुकलात," ती हळूच म्हणाली आणि भरभर जिना चढून गेली. मी पुढे कितीतरी प्रमाणपत्रं मिळवली, पण हे एक माझ्या लक्षात राहिलं.

वहिनी श्रावणात बाळंत झाली, सकाळी नऊच्या सुमाराला. मुलगी झाली. दवाखान्याच्या बाकावर आई पिशवीतले पेढ्यांचे पुडे मांडीवर घेऊन बसली होती. ते तिनं हळूहळू पुन्हा पिशवीत घातले. दादा बाहेर जाऊन उभा राहिला. आत वहिनी बाळाला घट्ट धरून भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि मी आत गेल्यावर ती पहिल्यांदा घाबरलेली दिसली. इतके महिने मी तिला घाबरलेली पाहिली नव्हती. तिची बाजू आता फक्त माझ्या हातात होती.

घरी गेल्यावर आईनं तोंड सोडलं. माश्यांचा, कॉलेजचा, मॅडमचा उद्धार झाला. मग ती अचानक थांबली आणि म्हणाली की शालननं आधी सांगितलं होतं, आपल्या पोरीनं नव्हे, शालननंच काही बनवाबनवी केली नसेल कशावरून. दादा मान वर करून बघायला लागला. मला ती नजर अजून आठवते. वाईट माणसाची नव्हती ती, फसवलं गेल्याची शंका आलेल्या माणसाची होती, आणि तशा माणसाच्या हातून काहीही होऊ शकतं.

अण्णांनी मला समोर बसवलं. "सुरेखा, मला एकच सांग. चूक झाली, का खोटं बोललीस?"

मला दोन्ही उत्तरांचा अर्थ नीट कळत होता. खोटं बोलले म्हटलं तर पुढचा प्रश्न कुणासाठी हा येणार. चूक झाली म्हटलं तर दोन वर्षांत एकही आकडा न खोडणारी मी, साधा नर-मादी ओळखू न शकणारी ठरणार.

"चूक झाली," मी म्हटलं. "तिन्ही वेळा."

 अण्णा म्हणाले की ज्या शिक्षणातून एवढंही कळत नाही ते आणखी पाच वर्षं शिकण्यात अर्थ नाही. संशोधन संस्थेचं पत्र त्याच्या आठवडाभर आधी आलं होतं, मुलाखतीचं बोलावणं. ते त्यांनी मागितलं, मी दिलं. त्यांनी ते फाडलं नाही, घडी घालून कपाटात ठेवून दिलं. मी एम.एस्सी. पुरी केली, माश्यांच्या बाटल्या मॅडमच्या स्वाधीन केल्या आणि बीएडला नाव घातलं. मॅडमनी कारण विचारलं तेव्हा घरच्या अडचणी म्हटलं. त्यांनी माझ्या वहीवर सही केली आणि आकडे चांगले आहेत एवढंच म्हणाल्या. पुढे तीस वर्षं मी ऐरोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. वाईट गेली नाहीत. वहिनीनं बाळाचं नाव मला ठेवायला सांगितलं, पण बारशाला आईनं ऐनवेळी दुसरंच ठेवलं. पुढे तीच आजी त्या नातीशिवाय जेवेनाशी झाली. दादानं तिला स्कूटर शिकवली. एकूण सगळं इतकं सुरळीत झालं की त्या श्रावणाबद्दल कुणी काही बोललं असतं तर मीच वेडी ठरले असते.

मी मात्र मनात एक गोष्ट जपून ठेवली होती, आणि ती फार वाईट गोष्ट नव्हती असं मला वाटायचं. आयुष्यात एकदा दोन रस्ते समोर होते आणि मी विचार करून एक घेतला, याचं समाधान. कंटाळवाण्या पेपर तपासणीच्या दिवसांत ते उपयोगी पडायचं.

अण्णा ऐंशी ओलांडल्यावर खूप बोलायला लागले. मागच्या वर्षी एका दुपारी मी त्यांची नखं कापत होते, तेव्हा ते आपण होऊन म्हणाले की लघवीत मूल दिसत नाही, एवढं त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. आयुष्य नमुने तपासण्यात गेलं होतं त्यांचं. मी तीनदा म्हणाले तेव्हा त्यांना हसू आवरावं लागलं होतं. शनिवारचं जाणं त्यांनाही नको होतं, पण मुलाला आणि बायकोला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि माझ्या खोट्यामुळे ते आयतं मिळालं.

 मी विचारलं, मग माझं शिक्षण का थांबवलं.

"घरात कुणावर तरी खापर फुटायला पायजे होतं. न्हाईतर ते शालनवर फुटलं असतं." त्यांनी दुसरा हात पुढे केला. "ती परक्या घरातनं आल्याली. तू सोसशील असं वाटलं."

मी त्यांची उरलेली नखं कापली. मग पंधरा दिवस त्यांच्याकडे गेले नाही. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. माझं शिक्षण गेलं याचं दुःख माझं केव्हाच करून झालं होतं, ते पुन्हा करण्यासारखं नव्हतं. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. इतकी वर्षं मी समजत होते की तो निर्णय माझा होता.